वाटीभर भाजी म्हणजे किती?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पाककृतीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘दोन वाट्या चिरलेली मेथी, एक वाटी कांदा, अर्धी वाटी मटार’. बाजारात मात्र वाटीनं काहीच मिळत नाही. तिथं मेथीची जुडी असते, कांदा किलोनं असतो, मटार पावकिलोनं. संध्याकाळी उरलेल्या वांग्यांचा ढीग लागतो, तो नुसत्या नजरेनं घ्यायचा. दवाखान्यात गेलं की आणखी तिसरीच भाषा. डॉक्टर सांगतात, रोज इतके ग्रॅम भाजी पोटात गेली पाहिजे. म्हणजे वस्तू एकच, पण बाजारात ती वजनानं, स्वयंपाकघरात मापानं आणि कागदावर ग्रॅमनं. या तिघांची गाठ घालून द्यायचं काम घरातल्या बाईवर येऊन पडतं आणि ती ते अंदाजानं करते. तिचा अंदाज बहुतेक वेळा बरोबरच असतो, हेही सांगितलं पाहिजे. पण जिथं अंदाज चालत नाही अशा काही जागा आहेत. त्यांच्यासाठी हे सगळं बोलायचं.

आपल्याकडे माप आणि वजन या दोन गोष्टी पूर्वीपासून वेगळ्या आहेत. धान्य मापानं मोजायचं, पायली, शेर, मापटं, चिपटं. मापटं म्हणजे अर्धा शेर, चिपटं म्हणजे पाव. भाजी मात्र कधी पायलीनं कोणी विकली नाही. पायलीभर गहू म्हणता येतं, पायलीभर पालक म्हटलं तर लोक हसतील. असं का, याचं उत्तर सोपं आहे. धान्य ओतलं की ते वाहतं. दाण्याशेजारी दाणा बसतो आणि माप दर वेळी जवळपास सारखंच भरतं. तिथंही वाद होताच, तो शिगेचा. माप सपाट भरायचं की शीग लावून, यावरून वाड्यावाड्यांत भांडणं झालेली आहेत. दाण्याचं हे, तर पानाचं काय असेल?

वजनं बदलली तीही आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांदेखत. शेर म्हणजे ऐंशी तोळे, आजच्या हिशोबानं ९३३ ग्रॅम. तोळा म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या चांदीच्या रुपयाचं वजन, पावणेबारा ग्रॅमला थोडं कमी. त्यामुळे तराजूत वजनाऐवजी रुपये टाकले तरी काम भागायचं. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक पद्धत ठरली, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो टप्प्याटप्प्यानं बाजारात आला. तरी आपल्या तोंडातून ‘पावशेर’ काही गेला नाही. आपण पावशेर म्हणतो आणि पावकिलो घेतो. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा, पावकिलो २५० चा. भाजीत या सतरा ग्रॅमनं काही बिघडत नाही. पण आजीच्या वहीतलं लोणच्याचं प्रमाण शेरात असेल आणि मिठाचं चमच्यात, तर शेराचा सरळ किलो करू नये. किलोमागे कैरी सत्तर ग्रॅमनं वाढते आणि मीठ तेवढंच राहतं.

वाटीचा मान वाढवला तो छापील पुस्तकांनी. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. त्यातली प्रमाणं वाटी-चमच्याची होती. नव्या संसाराला लागलेल्या मुलीकडे तराजू नसतो, वाटी असतेच. हा विचार अगदी बरोबर होता. अमेरिकेत हेच काम त्याआधी पाऊणशे वर्षं फॅनी फार्मर या बाईंनी केलं. १८९६ च्या त्यांच्या पुस्तकात कप आणि चमचा सुरीनं सपाट करून भरायचा, असा कटाक्ष होता. तेव्हापासून अमेरिकन स्वयंपाकघर कपावर चालतं आणि युरोपातलं बहुतेक तराजूवर. पण तो कप म्हणजे आपला चहाचा कप नव्हे. अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलीलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, जपानचा २०० चा. मुलगा न्यू जर्सीत आणि आई रिसोडला असेल, तर फोनवर सांगितलेली ‘वाटी’ आणि तिकडे वापरलेला ‘कप’ यांत दीडपटीचा फरक सहज पडतो. सगळंच त्या कपानं मोजलं तर बिघडत नाही, भाजी फक्त जास्त होते. अर्धं कपानं आणि अर्धं किलोनं मोजलं की मग चव जाते.

आता मुद्द्याचं. मापाचं वजन करताना अडचण येते ती हवेची. टोपल्यात बटाटे भरले, तर टोपल्याची साधारण साठ टक्के जागा बटाट्यांनी भरते आणि बाकीची पोकळीच असते. बटाटे सगळे लहान घेतले किंवा सगळे मोठे घेतले, तरी टोपलं पुरेसं मोठं असेल तर हा आकडा फारसा हलत नाही. हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण खरं आहे. लहान-मोठे मिसळले की मात्र लहान बटाटे पोकळीत जाऊन बसतात आणि टोपलं जड होतं. बारीक चिरलेला कांदा वाटीत चांगला बसतो, कारण त्याचे तुकडे एकसारखे नसतात. तोच कांदा उभा चिरला की कमानीसारखे काप एकमेकांवर तोलून राहतात आणि खाली हवा अडकते. दीडशे मिलीलिटरची वाटी घेतली, तर बारीक चिरलेला कांदा तिच्यात शंभर ग्रॅम मावतो, उभा चिरलेला पंचाहत्तरच. पुस्तकात नुसतं ‘एक वाटी चिरलेला कांदा’ लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं होतं.

दुसरी हवा असते ती भाजीच्या पोटात. बादलीभर पाण्यात बटाटा टाका, तो तळाशी जातो. वांगं टाका, ते तरंगतं. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, त्यात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. म्हणूनच वांगं तेल पितं, आणि म्हणूनच वाटीभर वांग्याच्या फोडी हाताला हलक्या लागतात. तिसरी गोष्ट पानांची. पालेभाजीचं पान ताठ असतं तोवर ते जागा अडवून धरतं. गॅसवर ठेवलं की पेशींतला ताठरपणा जातो, पानं एकमेकांवर लोळतात. वाटीभर कच्च्या पालकाचं वजन आणि वाटीभर शिजलेल्या पालकाचं वजन यांत सहापट फरक असतो. पातेलं भरून घातलेली भाजी शिजल्यावर वाटीभर होते, तेव्हा भाजी कुठं गेली, असं घरातले विचारतात. ती कुठं गेलेली नसते. थोडं पाणी उडतं आणि हवा निघून जाते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्या घरच्या वाटीची ओळख करून घ्यायची. एक लिटर पाणी मोजून घ्या. सीलबंद लिटरची बाटली असेल तर उत्तम. ते वाटीनं दुसऱ्या भांड्यात ओता. सात वाट्या भरल्या तर तुमची वाटी १४३ मिलीलिटरची, दहा भरल्या तर शंभरची. मिलीलिटरला एक ग्रॅम हे पाण्याचं वजन, म्हणून वाटीत मावणारं पाणी हा आपला पाया. भाजी त्याच्या किती पट, एवढंच लक्षात ठेवायचं. टोमॅटो, म्हणजे आपलं भेद्रं, चिरलेलं असेल तर पाण्याच्या पाऊणपट. बारीक चिरलेला कांदा दोन-तृतीयांश. बटाट्याच्या फोडी आणि मटारचे दाणे त्याहून किंचित कमी. गाजराच्या फोडी निम्म्याच्या थोडं वर, किसलेलं गाजर निम्म्याच्या थोडं खाली. दुधी आणि कोहळं निम्मं. फुलकोबी आणि भेंडी निम्म्याला कमी. पानकोबी आणि वांगं एक-तृतीयांशाच्या जरा वर. पालक चिरलेला, न दाबता भरलेला, एक-अष्टमांश. आणि सांभार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, पंधरावा हिस्सा.

दीडशे मिलीलिटरच्या वाटीचं उदाहरण घेऊ, म्हणजे आकडे डोळ्यांपुढे येतील. टोमॅटो ११० ते ११५ ग्रॅम, कांदा शंभर, बटाटा ९५, मटार नव्वदच्या वर, गाजर ऐंशी, दुधी पंचाहत्तरच्या आसपास, भेंडी साठ-पासष्ट, पानकोबी पंचावन्न, वांगं पन्नास, पालक वीस आणि सांभार दहा. वाटी एकच, आणि दहा ग्रॅमपासून एकशे पंधरा ग्रॅमपर्यंतचा पल्ला! हे आकडे सोन्याच्या काट्यावरचे नाहीत. चिरण्याच्या हातानुसार, भाजीच्या वाणानुसार दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणारच. पण पालकाची वाटी आणि कांद्याची वाटी सारखी धरण्यात जी चूक होते ती पाचपट आहे, तिच्यापुढे हे काहीच नाही.

घरात तराजू नसेल तर? अर्किमिडीजची युक्ती आपल्या परातीत चालते. परातीत एक पातेलं ठेवा, ते काठोकाठ पाण्यानं भरा. वांगं हळूच पाण्यावर सोडा, दाबू नका. जेवढं पाणी परातीत सांडेल तेवढे मिलीलिटर मोजा. तितके ग्रॅम वांग्याचं वजन. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते, हा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केला, पण वांग्याला कोणी लावला नाही. बटाट्यासारखी बुडणारी भाजी असेल तर सांडलेल्या दर शंभर मिलीलिटरमागे सात-आठ ग्रॅम वर धरायचे, कारण बटाटा पाण्याहून थोडा जड. सांडलेलं पाणी मोजायला बाळाची दुधाची बाटली चालते, तिच्यावर रेघा असतात. एका वेळी चार-पाच नग टाकले तर चूक कमी होते. पालेभाजीला मात्र ही युक्ती लावू नये. पानांना पाणी चिकटतं आणि हिशोब फसतो. त्याच कारणानं धुतलेली मेथी निथळल्याशिवाय तोलायची नाही. बाजारात जुड्यांवर पाणी शिंपडतात ते ताजेपणासाठी, पण ते पाणीही आपण भाजीच्या भावानंच घेतो.

एवढ्यावर हिशोब संपत नाही. बाजारातलं वजन आणि चिरून झाल्यावरचं वजन यांत आणखी एक पायरी आहे, निवडण्याची. हिवाळ्यात आपल्याकडे तुरीच्या ओल्या शेंगा येतात. सोल्यांच्या भाजीसाठी किलोभर शेंगा आणल्या, तर हाती येणारे सोले निम्म्याच्या आतबाहेर असतात. मटाराचंही तसंच, किलोच्या शेंगांतून चारशे ते पाचशे ग्रॅम दाणे. शेंगा कोवळ्या, चपट्या असतील तर तेवढेही नाहीत. मेथीच्या जुडीत काड्या आणि मुळं किती, यावर सगळं अवलंबून. जाड काड्यांच्या जुडीतला निम्मा भाग गुरांपुढे जातो. फुलकोबीचा दांडा आणि पानं काढली की किलोचे सातशे ग्रॅम उरतात. वांगं आणि पानकोबी या बाबतीत सरळ, त्यांच्यात वाया जाणारं थोडं. म्हणून ‘पाककृतीत अर्धा किलो मटार’ असं वाचलं की पहिला प्रश्न विचारायचा, शेंगा की दाणे? लिहिणाऱ्यानं ते सांगितलेलं नसेल तर पुस्तक मिटून आपल्या अनुभवावर चालावं, हे बरं.

आणि आता ती जागा, जिथं अंदाज खरोखरच चालत नाही. शाळेतलं जेवण. शालेय पोषण आहार म्हणून आपण जी योजना ओळखतो, तिला २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असं नाव आहे. तिचं प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. हे सगळं वजन कच्च्या मालाचं. तांदूळ आणि डाळ गोणीतून येतात, त्यांचं वजन नोंदलेलं असतं. रोज काढताना माप वापरलं तरी चालतं, कारण दाण्याचं माप फसवत नाही. डब्यात तांदूळ किती किलो मावतो हे एकदा पाहून ठेवलं की झालं. भाजीला हा डबा चालत नाही.

आपला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि वाशीम असे चार जिल्हे त्या यादीत होते. त्या कार्यक्रमात आरोग्य आणि पोषण या विषयाला मोठं वजन होतं. कागदावरचं पोषण ताटात येतं ते जिल्हा परिषदेच्या शाळेत चुलीपुढे बसलेल्या ताईच्या हातून. तिच्यापुढे साठ मुलं आहेत असं समजू. साठ गुणिले पन्नास, तीन किलो भाजी. चिरलेल्या बटाट्याचे तीन किलो म्हणजे पावणेपाच-पाच लिटरचं पातेलं. भेंडीचे तीन किलो सात लिटर जागा घेतात. पानकोबीला आठ लिटर लागतात. पालकाला तेवीस! बटाट्याच्या दिवशी जिथवर पातेलं भरलं, तिथवरच कोबीच्या दिवशी भरलं तर तीन किलोऐवजी दोनाच्याही आत भाजी गेली. पालकाच्या दिवशी तेच केलं तर साधारण सहाशे ग्रॅम. मुलामागे दहा ग्रॅम. आणि हे कोणाच्याही लक्षात येणार नाही. ताईनं काही कमी केलेलं नाही, तिनं रोजच्याइतकंच पातेलं भरलं. पालक शिजल्यावर तर पन्नास ग्रॅमही थोडेच दिसतात, त्यामुळे ताटाकडे पाहूनही फरक कळत नाही.

यात आणखी एक भर परसबागेची. शाळेच्या अंगणात भाजी लावण्याला शासनानं गेल्या काही वर्षांत चांगलं प्रोत्साहन दिलं आहे. ती भाजी तोलून येत नाही, ओट्यात घालून येते. ओटाभर दोडकी आणि ओटाभर चवळीचा पाला, दोन्ही ‘एक ओटा’च. मुलांनी स्वतः लावलेली भाजी ती मुलं आवडीनं खातात, हे कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचं आहे. तरी ती एकदा तागडीतून गेली तर बरं. वर्गातली मुलंच तोलतील, गणिताचा तासही होईल.

उलट्या बाजूनंही पाहू. आईला घरी विचारायचं असेल की माझ्या लेकरानं पन्नास ग्रॅम भाजी खाल्ली का, तर दीडशेच्या वाटीनं कच्च्या बटाट्याची अर्धी वाटी, भेंडीची पाऊण, कोबीची जवळजवळ पूर्ण आणि पालकाची अडीच वाट्या. पालकाच्या त्या अडीच वाट्या शिजल्यावर अर्धी वाटीही भरत नाही. म्हणून कोशिंबिरीची वाटी आणि शिजलेल्या पालेभाजीची वाटी सारखी मानू नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या सांगते. बटाटा, रताळं त्यात धरत नाहीत. आपल्याकडे आलूची भाजी हीच भाजी मानणारी घरं पुष्कळ आहेत, त्यांनी हे दोनदा वाचावं.

साखरेचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डॉक्टर ‘एक वाटी’ म्हणतात, तेव्हा कोणती वाटी, कच्ची की शिजलेली, हे तिथंच विचारावं. घरातल्या वाटीत किती पाणी मावतं ते चिठ्ठीवर लिहून नेलं तर आणखी चांगलं. वरणाची वाटी आणि खिरीची वाटी यांत आपल्याच मांडणीवर दुपटीचा फरक असतो.

भंडाऱ्याला रोडगे आणि वांग्याची भाजी करणारे आपल्याकडचे आचारी मापाच्या फंदात पडत नाहीत. त्यांची भाषा सरळ किलोची आणि क्विंटलची असते. वांगी तोलून घेतात, मग चिरतात. शेकडो माणसांची पंगत असली की कढईच्या उंचीवर विश्वास ठेवून चालत नाही, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

शाळेतल्या ताईला रोज तोलायला सवड नसेल, तर एक उपाय आहे. प्रत्येक भाजी एकदाच तोलायची, चिरायची, पातेल्यात न दाबता भरायची आणि जिथवर ती येईल तिथं बाहेरून रंगाची रेघ ओढायची. पटसंख्या बदलली की रेघा नव्यानं ओढायच्या. दहा लिटरच्या पातेल्यावर साठ मुलांसाठी बटाट्याची रेघ निम्म्यावर येते, भेंडीची त्याच्या बरीच वर, कोबीची आणखी वर. पालकाची रेघ त्या पातेल्यावर येतच नाही. त्याला तसली दोन पातेली शिगोशीग भरून वर आणखी थोडा पाला घ्यावा लागतो.